जर्मनीत शिकायला गेल्यावर पहिले चार आठवडे: सांगलीहून निघणाऱ्या पोरापोरींसाठी

गणपतीला मी सुट्टीवर सांगलीला आले की आमच्या विश्रामबागच्या घरी रोज कुणी ना कुणी येतं, सोबत ऑक्टोबरात जर्मनीला निघालेला पोरगा नाहीतर पोरगी, आणि पहिला प्रश्न ठरलेला, ताई बॅगेत काय काय भरायचं. बॅगेचं मी सांगतेच, खाली पण लिहिलंय, पण मला खरं बोलायचं असतं ते तिथं उतरल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांबद्दल. कारण त्या चार आठवड्यांत एका कागदावर दुसरा कागद अडलेला असतो आणि पहिलाच अडकला की पुढचं सगळं अडकतं.

माझं तसंच झालं होतं. मी २०२२ ला माग्डेबुर्गला मास्टर्सला गेले. खोली एका माणसाकडून ऑनलाइन बघून ठरवलेली, आणि तिथं गेल्यावर कळलं की त्यानं मूळ घरमालकाला न विचारताच ती मला दिली होती, म्हणून नोंदणीसाठी लागणारा कागद द्यायला तो तयार होईना. कागद नाही म्हणून पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून मी निवडलेल्या बँकेत खातं नाही, आणि खातं नाही म्हणून श्पेरकोन्टोतले, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या बंद खात्यातले, पैसे सुटेनात. पप्पांनी कर्ज काढून वर्षाचे सगळे पैसे तिकडं भरलेले आणि मी दुकानात उभी राहून ब्रेडचे भाव बघतीय, असे तीन आठवडे काढले. हे कुणाच्याही पोराच्या वाट्याला येऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितीय. मी जर्मनीचं लिहितीय कारण मला तेच माहितीय, दुसऱ्या देशात नियम वेगळे असतात.

तर क्रम असा डोक्यात ठेवा: आधी खोली, खोलीबरोबर घरमालकाचा कागद, त्या कागदावर पत्त्याची नोंदणी, नोंदणीवर बँक, बँकेत पैसे, आणि हे सगळं हातात आलं की व्हिसा वाढवायचा अर्ज. विद्यापीठाचं आणि विम्याचं काम याच्या शेजारून चालू राहतं.

निघायच्या आधी

कागदांचं आधी. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना मी काय वेगळं सांगणार, मार्कशीट भिजली की काय होतं ते आपल्या गावानं बघितलंय. सगळ्या मूळ कागदांचे स्कॅन मोबाईलमध्ये, ईमेलमध्ये आणि घरी एका पेन ड्राइव्हवर ठेवा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. आणि कृपा करून डिग्री, मार्कशीट लॅमिनेट करू नका, आपल्याकडं आईवडील प्रेमानं करून आणतात पण नंतर त्या कागदावर शिक्का मारायची वेळ आली की तो घेत नाहीत. ॲडमिशन लेटर, श्पेरकोन्टोचं पत्र, विम्याचं पत्र आणि खोलीचा करार यांच्या दोन दोन प्रिंट काढून वरच ठेवा, विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी मागू शकतो.

पैशाचं नीट समजून घ्या. विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी श्पेरकोन्टोत वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. हे पैसे तुमचेच, पण तिथं जाऊन तुमचं रोजचं बँक खातं उघडल्याशिवाय त्यातला एक रुपया हातात येत नाही, आणि आला तरी महिन्याचा हप्ता म्हणूनच येतो. त्यामुळं पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा न्यावा लागतो. माझ्या हिशेबानं खोलीचं डिपॉझिट सोडून निदान बाराशे युरो तरी हाताशी पाहिजेत, थोडे रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डवर. यूपीआयची सवय झालेल्या पोरांना रोख जवळ ठेवायचं लक्षात राहत नाही, पण तिथं अजून बऱ्याच छोट्या दुकानांत, बेकरीत रोखच चालते.

खोली बघताना फसवणूक लई होते. मालक परदेशात आहे, चावी कुरिअरनं पाठवतो, आधी डिपॉझिट टाका, असं कुणी म्हणालं की तिथंच थांबा. सगळ्यात चांगलं म्हणजे श्टुडेंटेनव्हेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या संस्थेच्या, हॉस्टेलला ॲडमिशनची वाट न बघता अर्ज करून ठेवायचा, रांग मोठी असते. बाहेर खोली घेत असाल तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा, की मला व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग मिळेल का. नाव लांबलचक आहे पण हाच तो घरमालकाचा कागद, हा माणूस अमुक तारखेपासून माझ्याकडं राहतोय असं लिहिलेला. जो टाळाटाळ करेल ती खोली कितीही स्वस्त असो, सोडा. आणि भाडं विचारताना थंड भाडं आणि गरम भाडं वेगळं असतं हे माहीत असू द्या, थंड म्हणजे नुसत्या जागेचं, गरम म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. डिपॉझिट कायद्यानं थंड भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

आता बॅग. तिकिटावर किती किलो लिहिलंय ते बघा आणि घरीच वजन करा, आमच्या पप्पांनी तर मार्केट यार्डातल्या अडतीवरचा काटा घरी आणला होता. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे नाहीत, घरचं तूप नाही, बर्फी नाही. मावशीनं डब्यात भरून दिलं की नको म्हणायला जीवावर येतं, पण कस्टमवाल्यानं तो डबा समोर कचऱ्यात टाकला तर जास्त वाईट वाटतं. ताजा कढीपत्ता, आंबे, मिरच्या हे पण नको. चालतं ते असं: भडंग, बेदाणे, हळद, कांदा-लसूण चटणी, गोडा मसाला, पोहे. चटणी तेलकट असते, ती दोन पिशव्यांत घालून वर डबा, नाहीतर सगळे कपडे लाल होतात. ज्वारीचं पीठ दोन किलो न्या, भाकरी थापता येत नसली तरी न्या, शिकाल.

कुकर नेणार असाल तर स्टीलचा, खाली इंडक्शनवर चालणारा तळ असलेला. हॉस्टेलमध्ये गॅस बहुतेक नसतोच, इलेक्ट्रिक शेगडी असते, आणि ती इंडक्शनची निघाली की आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. करंट आपल्यासारखाच २३० व्होल्टचा, त्यामुळं मिक्सर चालतो, पण आपली तीन पिनांची वायर त्यांच्या सॉकेटात जात नाही, दोन ॲडाप्टर इथूनच घ्या.

कुठल्या वारी उतरायचं

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितीय. शनिवारी रात्री किंवा रविवारी पोचेल असं तिकीट काढू नका. रविवारी तिथं किराणा दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली एखाद-दोन सोडली तर. हॉस्टेलची चावी देणारा केअरटेकर, त्याला हाउसमाइस्टर म्हणतात, तो कामाच्या दिवशी ठरावीक वेळेतच भेटतो. दुपारी तीननंतर पोचलात तर रात्र बाहेर काढायची पाळी येऊ शकते, म्हणून आधी ईमेल करून वेळ विचारून घ्या. ३ ऑक्टोबरला अख्ख्या जर्मनीत सुट्टी असते आणि आमच्या झाक्सेन-आनहाल्ट राज्यात ३१ ऑक्टोबरला पण. सोमवार ते बुधवार सकाळी उतरणं सगळ्यात चांगलं.

विमानतळावरून पुढं रेल्वेनं जायचं असेल तर डीबी नॅव्हिगेटर ॲप आधीच टाका. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, विमान लेट झालं आणि गाडी चुकली तर ते तिकीट वाया. पहिल्या दिवशी चार पैसे जास्त गेले तरी कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट काढा. शहरातल्या ट्रॅममध्ये गेटबिट काही नसतं, सरळ चढता येतं, पण साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि तिकीट नसेल तर दंड ६० युरो. कागदी तिकीट काढलं असेल तर ते बऱ्याच ठिकाणी मशीनमध्ये घालून शिक्का मारावा लागतो, नुसतं खिशात असून चालत नाही.

खोलीत पोचल्यावर गादी असेल पण उशी, पांघरूण, चादर बहुतेक नसणार. पातळ चादर आणि एक शाल हातातल्या बॅगेत ठेवा, पहिल्या रात्री दुकान शोधायची ताकद नसते. पाणी नळाचंच प्या, चांगलं असतं.

पहिला आठवडा: नाव आणि नोंदणी

खोलीत बॅग ठेवली की पहिलं काम, खाली लेटर बॉक्सवर आपलं नाव लावायचं. तिथं सगळं अजून पोस्टानं येतं, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, आणि बॉक्सवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, पत्ता बरोबर असला तरी. आमच्या हॉस्टेलमध्ये एकाच जिन्यात तीन पाटील होते, आणि एकाचं बँक कार्ड दुसऱ्या पाटलाच्या बॉक्समध्ये आठवडाभर पडून होतं, तो गावाला गेलेला. म्हणून नुसतं आडनाव नको, पहिलं नाव पण लिहा. आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असेल तर सगळीकडं, अर्जात, बँकेत, विद्यापीठात, पासपोर्टवर जसं आहे अक्षर न अक्षर तसंच द्या. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं आणि दुसरीकडं घातलं की त्यांना ती दोन माणसं वाटतात.

दुसरं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे. ब्युर्गरब्युरो नावाचं ऑफिस असतं, आपल्या नगरपालिकेसारखं, पण तिथं वेळ घेतल्याशिवाय जाता येत नाही. त्या वेळेला टर्मिन म्हणतात आणि हा शब्द तुम्ही पहिल्या महिन्यात शंभरदा ऐकणार. ऑक्टोबरात सगळीच नवीन पोरं येतात त्यामुळं टर्मिन महिन्या-महिन्याचे मिळतात, म्हणून खोलीची तारीख पक्की झाली की भारतातूनच वेबसाइटवर जाऊन बुक करा. मिळतच नसेल तर सकाळी लवकर साइट बघत राहा, कुणीतरी रद्द केलेले मधूनच दिसतात. उशिराचा मिळाला तरी बुकिंगचा ईमेल जपून ठेवा, आपण वेळेत मागितला होता हे दाखवता येतं. जाताना पासपोर्ट, व्हिसा, घरमालकाचा सही केलेला कागद आणि भरलेला फॉर्म. फॉर्मात धर्माचा रकाना असतो, तो चर्चच्या टॅक्ससाठी आहे, तिथल्या चर्चचे सदस्य नसाल तर तो टॅक्स तुम्हाला लागत नाही. दहा मिनिटांत काम होतं आणि हातात मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे नोंदणीचा दाखला, पडतं. मला ते शेवटी हॉस्टेलमध्ये जागा मिळाल्यावर चौथ्या आठवड्यात मिळालं, ऑफिसच्या पायरीवर बसून मी पप्पांना फोटो पाठवला होता. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण "झालं का गं एकदाचं" म्हणाले.

नोंदणी झाली की थोड्या आठवड्यांत दोन पत्रं आपोआप येतात. एक टॅक्स नंबरचं, ते जन्मभर एकच असतं, नोकरीला लागताना पहिल्यांदा तेच मागतात, फोटो काढून ठेवा. दुसरं रेडिओ-टीव्हीच्या फीचं, रुंडफुंकबाइट्राग, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही म्हणून हे पत्र फेकून देणारी पोरं मी बघितलीत आणि मागून दंडासकट बिल आलेलं पण बघितलंय. ही फी घराला असते, माणसाला नाही, त्यामुळं एकाच फ्लॅटमध्ये चौघं असाल तर एकानं भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा नंबर कळवायचा.

बँक आणि विमा

काही बँका नोंदणीच्या कागदाशिवाय खातं उघडत नाहीत, काही ऑनलाइन पासपोर्टवर उघडतात, हे आधी विचारून घ्या. खातं उघडलं की त्याचा आयबॅन नंबर श्पेरकोन्टोवाल्यांना द्यायचा आणि त्यांना लागतील ते कागद अपलोड करायचे, मग पैसे यायला लागतात, पण लगेच नाही, काही दिवस धरा.

आरोग्य विमा हा सगळ्यात मोठा निर्णय आणि तो पोरं घाईत घेतात. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीचा विमा विद्यार्थी दरात मिळतो, टीके, एओके, बार्मर अशा संस्था आहेत, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. त्याच्या शेजारी एखादा एजंट तीस-चाळीस युरोत खाजगी विमा दाखवतो, आणि मोह होतो, मी समजू शकते. पण एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत त्यात येता येत नाही, आणि आजारी पडलात की खाजगीत बिल आधी तुम्ही भरायचं. सरकारीच घ्या. विद्यापीठात प्रवेश पक्का करायला विमा कंपनी परस्पर विद्यापीठाला ऑनलाइन कळवते, ते कळवा म्हणून त्यांना आठवणीनं सांगा. विमानात बसल्यापासून हा विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासाचा विमा वेगळा लागतो.

ताप आला, रात्र आहे, पण ॲम्ब्युलन्स लागेल एवढं नाही, अशा वेळी ११६११७ वर फोन. जीवावरचं असेल, आग लागली असेल तर ११२, पोलीस ११०. हे तीन नंबर पहिल्या दिवशी मोबाईलमध्ये घाला.

व्हिसा

भारतातून मिळालेला व्हिसा बहुतेकांना थोड्याच महिन्यांचा असतो. तो संपायच्या आत आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात, राहण्याच्या परवान्याचा अर्ज जायला पाहिजे. तारीख बघा आणि निदान दोन महिने आधी अर्ज करा, पावती जपा. टर्मिन उशिराचा मिळाला आणि मधल्या काळात व्हिसा संपत असेल तर फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग मागा, अर्ज चालू आहे तोवर तुम्ही कायदेशीर आहात असं सांगणारा कागद असतो तो. डिसेंबरात बहिणीचं लग्न म्हणून तिकीट काढून ठेवलेलं आणि परवाना हातात नाही, असा रडवेला झालेला पोरगा माझ्या स्वयंपाकघरात बसलेला मी बघितलाय. पहिल्या हिवाळ्यात घरी यायचं तिकीट परवाना मिळाल्याशिवाय काढू नका.

कॉलेजात

वेळापत्रकात वेळेपुढं सी.टी. असं लिहिलेलं असेल तर लेक्चर पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतं, एस.टी. असेल तर ठरल्या मिनिटाला. आपल्याला एस.टी. म्हटलं की लाल डबाच आठवतो, पण तिथं ही एस.टी. अजिबात लेट नसते. मार्कांचं उलटं, १.० सगळ्यात चांगला, ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास. हजेरी बऱ्याच विषयांना सक्तीची नसते आणि इथंच आपली पोरं घसरतात, कारण मध्ये युनिट टेस्ट नाही, विचारणारे सर नाहीत, सेमिस्टरच्या शेवटी एकदम परीक्षा. आणि त्या परीक्षेला ऑनलाइन नाव नोंदवायची वेगळी तारीख असते, ती चुकली की अभ्यास झालेला असूनही बसता येत नाही. पहिल्याच आठवड्यात ती तारीख शोधून भिंतीवर लावा.

पार्टटाइम कामाची घाई पहिले दोन महिने करू नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा असते, पळून जात नाही.

स्वयंपाकघर

हॉस्टेलमध्ये गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी भात केला आणि आमटीला फोडणी दिली, हिंग, मोहरी, लसूण, वर चटणी टाकली आणि धूर वाढला तसं मी सवयीनं कॉरिडॉरचं दार उघडलं. धूर कॉरिडॉरमध्ये गेला आणि सगळ्या मजल्याचा अलार्म वाजायला लागला. लोक जिन्यानं खाली, कुणी टॉवेलवर, कुणी लेकराला घेऊन. मला रडू आलं. शेजारच्या इराणी मुलीनं मला हाताला धरून परत वर नेलं आणि दाखवलं, बघ, दार बंद, खिडकी पूर्ण उघडी, तेल कमी तापवायचं. अलार्म उगीच वाजून फायर ब्रिगेड आली तर खर्च मागू शकतात. तेव्हापासून खिडकी आधी, शेगडी नंतर.

तिथला नेहमीचा मैदा म्हणजे टाइप ४०५, त्याच्या चपात्या वातड होतात. टाइप १०५० घ्या, त्यात थोडं फोलकोर्न म्हणजे कोंड्यासकटचं पीठ मिसळा, आपल्या कणकेच्या बऱ्यापैकी जवळ जातं. तुरडाळ भारतीय नाहीतर आशियाई दुकानात, मसूर मात्र तुर्की दुकानात स्वस्त, तिथंच कोथिंबीर जुड्या, भेंडी, चांगल्या मिरच्या मिळतात. रोजचा बाकीचा किराणा आल्डी, लिडल. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट परत मिळतात, दुकानातल्या मशीनमध्ये टाकायची, चिठ्ठी काउंटरला द्यायची. कचरा चार डब्यांत, कागद, पॅकिंग, ओला, उरलेला, आणि यावरून शेजाऱ्यांशी पहिलं भांडण होऊ देऊ नका. रात्री दहानंतर मिक्सर लावू नका.

अंधार

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथं घड्याळ एक तास मागं जातं आणि त्यानंतर नोव्हेंबरात साडेचारला दिवेलागण. डिसेंबरात तर चारच्या सुमारास सूर्य जातो. आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे अंगावर येतं, झोप येते, बोलू वाटत नाही, आणि दिवाळी नेमकी याच सुमारास असते. दुपारी ऊन असेल तेवढा वेळ बाहेर पडा, अर्धा तास का होईना. मी एल्बे नदीच्या काठानं चालायचे. २०१३ च्या जूनमध्ये त्या नदीला मोठा पूर आला आणि शहरातली हजारो माणसं हलवावी लागली होती. तिथल्या एका आजींना मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आमच्या कृष्णेचं पाणी पण असंच घरात येतं, तर त्यांनी हात कमरेच्या वर लावून दाखवला, इथपर्यंत, मी आयर्विन पुलाचा फोटो दाखवला, अर्धा तास आम्ही बोलत होतो. माझी त्या शहरातली पहिली ओळख ती. जर्मन भाषा कोर्स इंग्रजीत असला तरी रोज थोडी शिका, अशा बोलण्यासाठी.

फार दिवस जेवावं वाटेना, उठावं वाटेना असं झालं तर श्टुडेंटेनव्हेर्कमध्ये मोफत समुपदेशन असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतून पण. जा. घरी सांगू नका असं मी म्हणणार नाही, घरी पण सांगा.

घरच्या फोनची वेळ मात्र पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या. घड्याळ मागं जायच्या आधी आपल्यात आणि तिथं साडेतीन तासांचा फरक, नंतर साडेचार. तुमची लेक्चरं संपून संध्याकाळचे सहा वाजले की सांगलीत रात्रीचे साडेदहा झालेले असतात, आई डोळे चोळत फोन धरून बसते आणि झोपले नव्हते म्हणते. आमचं ठरलंय सकाळी सातला, मी चहा ठेवते तेव्हा तिच्याकडं साडेअकरा वाजलेले असतात, कुकर लागलेला असतो, आणि शिट्ट्या होईपर्यंत आम्ही बोलतो.